विमानातल्या सूचना आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या व्यासपीठासमोर बसून मी आजवर पुष्कळ चांगली भाषणे ऐकली. आज बोलण्याची पाळी माझ्यावर आली आहे. माझी २६ वर्षे विमानातल्या प्रवाशांची व्यवस्था पाहण्यात गेली. तेव्हा विमानाखेरीज दुसरा विषय मला कुठून सुचणार? पण तो निवडण्याचे आणखीही एक कारण आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले आणि आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. त्यानंतर आपल्यातल्याच एका भगिनींनी लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जाण्यासाठी काढलेले तिकीट परत केले. लेक तिकडे आईवाचून बाळंत झाली. त्यांच्या परवानगीनेच मी हे सांगते आहे. त्यांनी मला विचारले, "तुम्ही इतकी वर्षे उडलात, तुम्हाला भीती नाही वाटली?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देते.

भीती वाटत होती. पण ही सगळी विद्या त्या भीतीतूनच उभी राहिली आहे, हे मला कामावर कळले. विमानातल्या प्रत्येक नियमामागे कुठेतरी, कधीतरी घडलेली चूक असते.

पहिली गोष्ट यादीची. ऑक्टोबर १९३५ मध्ये अमेरिकेत बोइंग कंपनीचे एक नवे मोठे लष्करी विमान चाचणीसाठी उडाले. चालवणारे अनुभवी होते. परंतु उभ्या विमानाचे शेपटीकडचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली अडकण काढायची राहून गेली. विमान कोसळले आणि दोघे दगावले. तेव्हापासून वैमानिकांनी याद्या केल्या. आजही उड्डाणापूर्वी आणि उतरण्यापूर्वी एक जण यादी वाचतो आणि दुसरा प्रत्यक्ष पाहून उत्तर देतो. "मला सगळे पाठ आहे" हे तिथे चालत नाही. घरच्या कार्याला आपण सामानाची यादी करतोच ना? ती कितीही वेळा केलेली असली तरी पुन्हा वाचतो, तसेच हे. शिवाय साधारण १०,००० फुटांखाली असताना वैमानिकांनी कामाव्यतिरिक्त एक शब्दही बोलायचा नाही, असा दंडक आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे गेली. त्यांपैकी एका विमानात, समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले ना, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. मुख्य वैमानिकाने ती तिथल्या तिथे झटकून टाकली. पुढे १० मार्च १९८९ रोजी कॅनडात ड्रायडन येथे बर्फ पडत होता. पंखांवर बर्फ साचला तर विमानाला हवेचा आधार पुरेसा मिळत नाही. आतल्या एका सेविकेला तो बर्फ दिसला होता. प्रवासी म्हणून बसलेल्या वैमानिकांनाही दिसला होता. पण "आपण काय सांगायचे, त्यांना ठाऊक असेलच," म्हणून कोणी बोलले नाही. विमान उडताच झाडांत कोसळले. ६९ पैकी २४ जण गेले.

अशा अपघातांनंतर धाकट्याने बोलावे आणि वडीलधाऱ्याने ऐकावे, याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. आम्हांलाही ते मिळाले होते. पण शिकणे वेगळे आणि करणे वेगळे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका रात्री विमान धावपट्टीकडे निघाले असता मागच्या पॅन्ट्रीत मला जळकट वास आला. माझ्याहून अनुभवी बाई म्हणाल्या, "कॉफीचा असेल." मी गप्प बसले. मनात आले, उगाच विमान थांबवले आणि काहीच निघाले नाही, तर लोक हसतील. दोन मिनिटे तशीच गेली. मग मात्र राहवेना. फोन उचलला आणि वैमानिकांना सांगितले. विमान परत फिरले. भट्टीमागची एक तार तापून काळी पडलेली निघाली. दोन तास उशीर झाला. प्रवाशांनी आम्हांला बरेच ऐकवले. वैमानिक माझ्यापाशी आले. मला वाटले, शाबासकी देतील. ते एवढेच म्हणाले, "वास आल्यापासून फोन करेपर्यंत किती वेळ गेला?" मी खरे ते सांगितले. "पुढच्या वेळी तेवढाही नको," म्हणाले. ती दोन मिनिटे मी अजून विसरले नाही.

आता तुमच्या उपयोगाचे. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी खिडकीची झडप उघडी ठेवायला सांगतात, ती बाहेर आग किंवा धूर आहे का ते दिसावे म्हणून. रात्री दिवे मंद करतात, ते डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून. खुर्ची सरळ आणि समोरचे टेबल बंद, ते मागच्या माणसाला पटकन निघता यावे म्हणून. पट्टा तर बसल्या जागी कायमच बांधलेला असावा. मे २०२४ मध्ये सिंगापूरला निघालेले विमान हवेच्या हेलकाव्यात सापडले, तेव्हा एक प्रवासी दगावला आणि कित्येक जखमी झाले.

प्राणवायूचा मुखवटा आधी स्वतः लावा, मग लेकराला, असे सांगतात. आयांना हे जिवावर येते. पण ३५,००० फुटांवर केबिनमधली हवा निघून गेली, तर माणसाची शुद्ध अर्धा-एक मिनिटच टिकते. आईच बेशुद्ध पडली, तर लेकराला कोण लावणार? मुखवट्याची पिशवी फुगली नाही तरी घाबरू नये, प्राणवायू येत असतो. तो बाराएक मिनिटे पुरतो आणि तेवढ्यात वैमानिक विमान खाली आणतात. जीवरक्षक जाकीट मात्र आत असताना फुगवू नये. नोव्हेंबर १९९६ मध्ये कोमोरो बेटांजवळ एक विमान समुद्रात उतरले, तेव्हा अनेकांनी ते आतच फुगवले. पाणी शिरल्यावर ती माणसे छताशी अडकली.

बसल्या बसल्या दारापर्यंतच्या रांगा मोजून ठेवा. धुरात डोळ्यांपेक्षा हात कामी येतात. साडी असो वा ड्रेस, सुती बरा. नायलॉन आगीने अंगाला चिकटते.

आणि शेवटी पर्स. निम्मी दारे बंद असतानाही सगळी माणसे ९० सेकंदांत बाहेर पडली पाहिजेत, या कसोटीवर विमान उतरावे लागते. त्यात प्रत्येकीने वरची पिशवी काढायला पाच सेकंद घेतले, तर मागच्यांचे काय? २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर एक मोठे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षक दलाचे पाच जण गेले. मोठे विमान पुढे जळून खाक झाले; पण त्यातले ३७९ च्या ३७९ जण जिवंत बाहेर पडले. सेविका "सामान सोडा" म्हणून ओरडत होत्या आणि लोकांनी ते ऐकले. दागिने पुन्हा घडवता येतात, बायांनो.

तर त्या भगिनींना माझे उत्तर असे. विमान कधी पडणारच नाही, असे मी म्हणणार नाही. ते खोटे होईल. पण भीतीने घरी बसणे हा भीतीवरचा उपाय नाही. सूचना नीट ऐकाव्यात, दार मोजावे, आणि काही वावगे दिसले तर हसण्याची पर्वा न करता सांगावे. नातू आता रांगायला लागला असेल. या वेळी तिकीट काढाल, तेव्हा मला सांगा. विमानतळावर पोचवायला मी येईन.