सवलत आणि सोय : प्रमाणपत्र कुठे मागावे?

(पर्यटनस्थळांवरील कर्मचाऱ्यांसमोर केलेले भाषण)



तिकीट खिडकीवर बसणाऱ्याला कायद्याचे पुस्तक चाळण्याची सवड नसते, याची मला जाणीव आहे. रांग वाढत असते आणि एखादा पाहुणा म्हणतो, "मला फार वेळ उभे राहवत नाही, बसायला काही मिळेल का?" अशा वेळी "प्रमाणपत्र दाखवा" हे शब्द तोंडून सहज निघून जातात. ते कुठे मागावे आणि कुठे मागू नये, एवढाच आज माझा विषय आहे.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले. त्यांत स्वमग्नता आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे, कंपवात आहे. यांतील कित्येक माणसे आपल्यासमोरून चालत जातील आणि आपल्या नजरेला काहीही दिसणार नाही.

आता ४० टक्क्यांचा प्रश्न. नोकरीतील आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित असावे लागते, हे खरे. परंतु दिव्यांग व्यक्तीची जी मूळ व्याख्या कायद्याने दिली आहे, तीत टक्केवारीचा उल्लेखही नाही. दीर्घकालीन व्याधी वा उणीव आणि भोवतालचे अडथळे मिळून जिचा समाजातील समान सहभाग रोखला जातो, ती व्यक्ती दिव्यांग. वाजवी सोयीची तरतूद अशा प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. ती पुरवणाऱ्यावर अवाजवी भार पडू नये, एवढीच तिला मर्यादा.

म्हणून सवलत आणि सोय यांत फरक केला पाहिजे. तिकिटाच्या दरात सूट द्यायची असेल, तर तेथे सरकारी पैशाचा हिशेब आहे. नियमात असेल तर ओळखपत्र जरूर पाहावे. पण चाकाची खुर्ची, बाजूचे दार, सावलीतील बाक, सोबत्याला आत सोडणे, यांसाठी कागद कशाला? धडधाकट माणूस उतरणीवरून चढला म्हणून उतरण झिजत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंकडे, पाय मोडलेल्या तरुणाकडे प्रमाणपत्र नसतेच. जुन्या गोव्यातील चर्च पाहण्यास आलेल्या परदेशी पाहुण्याजवळ आपले यूडीआयडी ओळखपत्र कुठून असणार?

"लोक फसवतील," असे कुणी म्हणेल. काही फसवतीलही. प्रमाणित दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेणाऱ्यास याच कायद्याच्या कलम ९१ नुसार २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तो तपास करणे हे खिडकीवरच्या माणसाचे काम नव्हे. उलट, स्वमग्न मुलाला घेऊन उभ्या असलेल्या आईला साऱ्या रांगेदेखत "याला काय झाले आहे?" असे विचारले, तर ती पुन्हा आपल्या दारी येणार नाही. रोगाचे नाव विचारूच नये. "आपल्याला काय सोय हवी?" एवढे विचारले की पुरते.

आणखी एक. खुर्ची असूनही ती कुलुपात आणि किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे, हा प्रकार थांबला पाहिजे. खुर्ची दाराशी असावी आणि ती कुठे आहे हे तिकीट खिडकीवर मोठ्या अक्षरांत मराठी, कोंकणी व इंग्रजीत लिहिलेले असावे. आपापल्या स्थळाच्या फलकावर सध्या काय लिहिले आहे, ते उद्या सकाळी पाहून घ्यावे आणि "प्रमाणपत्राशिवाय सोय नाही" असा मजकूर आढळल्यास वरिष्ठांना तसे लेखी कळवावे.