तळ्यांच्या गावातील घरे

रायपूर शहर समुद्रकाठी नाही आणि त्याची खारून नदीही गावाच्या पश्चिम अंगाने निघून जाते. शहर तिचे पाणी पिते, कार्तिकी पौर्णिमेला महादेव घाटावर मेळा भरवते. पण रायपूरचा संसार नदीकाठी थाटलेला नाही. तो थाटला गेला तळ्यांच्या काठी. बूढा तालाब, महाराजबंध, कंकाली, तेलीबांधा, नरैया, कटोरा, राजा तालाब ही नावे आजही तेथील लोकांच्या पत्त्यांत आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत. छत्तीसगडी बोलीत तळ्याला ‘तरिया’ म्हणतात, त्याच्या पायऱ्यांना ‘पचरी’. आणि आंघोळ, धुणे, गुरांना पाणी पाजणे या नित्याच्या गरजांना मिळून ‘निस्तार’ असा एकच नेटका शब्द आहे. एखाद्या गावाचे वैभव सांगायचे तर तेथे ‘छै आगर छै कोरी’ तळी आहेत, असे सांगण्याची तिकडे रीत आहे. कोरी म्हणजे आपली कोडी. सहा कोडी आणि वर सहा, म्हणजे १२६ तळी.

हे वैभव हौसेचे नव्हते. छत्तीसगड हा धानाचा मुलूख. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि पुढे वैशाखातील ऊन अंगाची लाही करते. चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरवायचे तर ते अडवून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून राजाने तळे खोदले, व्यापाऱ्याने खोदले, जातीच्या पंचायतीने खोदले. ज्याने खोदले त्याचे नाव पाण्याला मिळाले आणि पाणी मात्र सर्वांचे झाले.

महाराष्ट्रीय श्रोत्यांना हे शहर अगदी परके नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याने भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली रतनपूर जिंकले आणि छत्तीसगडावर मराठी अंमल सुरू झाला. १८१८ नंतर कर्नल ॲग्न्यू या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यकारभाराचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास आणले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होताच हा मुलूखही इंग्रजांकडे गेला. १८६७ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. तात्यापारा ही वस्ती, ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे, आणि १९१३ साली रायपुरात सहकारी बँकेचा पाया घालणारे वामनराव लाखे, ही नावे त्या जुन्या संबंधाची साक्ष देतात. यांपैकी लाखे यांचे स्मरण पुढे एका वेगळ्या कारणासाठी पुन्हा करावे लागेल.

तळे एका दिवसात मरत नाही. त्याच्या मरणाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम घरोघर नळ येतो आणि निस्ताराची गरज सरते. गरज सरली की गाळ काढण्याची वार्षिक वहिवाट बंद पडते. मग ज्या उतारावरून पावसाचे पाणी तळ्यात येत असे, तो उतार रस्ता आणि घरे यांनी अडतो. स्वच्छ पाण्याची वाट बंद होते, सांडपाण्याची उघडते. जलपर्णी माजते, डास होतात, दुर्गंधी सुटते, आणि अखेर ‘हे डबके बुजवा’ अशी मागणी सुशिक्षित नागरिकच करू लागतात. रायपुरातील राजबंधा तळ्याचे आज मैदान झाले आहे. लेंडी तलावाच्या जागी शास्त्री बाजार भरतो. मुंबईकरांना याचे नवल वाटण्याचे कारण नाही. धोबीतलावावर आज कोणी धोबी कपडे धूत नाही आणि गोवालिया टँकच्या मैदानावर पाण्याचा थेंब नाही. पाणी गेले, नाव राहिले, अशी स्थळे आपल्या प्रत्येक जुन्या शहरात आहेत.

तळ्याच्या या उतरत्या काळात त्याच्या काठावर येऊन कोण राहतो, हा या विषयातील महत्त्वाचा प्रश्न आहे. ज्या जागेला दुर्गंधीमुळे भाव नाही, ज्या जागेचा मालक सरकार असल्याने तिच्याकडे कोणी पाहत नाही, त्या जागी गावाकडून आलेला मजूर आपले पहिले छप्पर उभारतो. एका पिकावर वर्ष निभत नाही म्हणून तो शहरात आलेला असतो. त्याची बायको जवळच्या चार घरी धुणीभांडी करते, तो गवंड्याच्या हाताखाली जातो किंवा भाजीची गाडी लावतो. काठाची जागा त्याला शोभेसाठी नको असते; ती कामाच्या जवळ असते आणि तिच्याशेजारी पाणी असते, एवढेच तिचे मोल.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. २००१ च्या जनगणनेत सुमारे सहा लाख लोकवस्ती असलेले हे शहर २०११ मध्ये दहा लाखांच्या वर गेले. राजधानीला कचेऱ्या हव्यात, बंगले हवेत, रुंद रस्ते हवेत. पण त्या उभारणारे आणि झाडणारे हातही हवेत. हे हात कोठे झोपतील, याचा विचार कोणत्याही नगराच्या आराखड्यात सर्वांत शेवटी होतो, आणि तोवर ते आपली सोय आपणच लावून मोकळे झालेले असतात.

अविभाजित मध्य प्रदेशाने या वस्तुस्थितीची दखल पूर्वीच घेतली होती. १९८४ साली त्या राज्याने शहरांतील भूमिहीनांना ते राहत असलेल्या जागेचा पट्टा देण्याचा कायदा केला. झोपडीवाल्याला केवळ अतिक्रमक न मानता जागेचा हक्कदार मानणारा हा कायदा देशातील उल्लेखनीय कायद्यांपैकी एक आहे. परंतु पट्टा कोठे द्यावा आणि कोठे देऊ नये, हा पेच तळ्याच्या काठावर आला की तीव्र होतो.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय शेजारी शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. माणसाला हलवायचे झाल्यास ते कायदेशीर आणि न्याय्य रीतीनेच हलवले पाहिजे. २००१ साली उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात, तळ्याच्या जमिनीवर घरांसाठी केलेले वाटप त्याच न्यायालयाने अमान्य केले, कारण तळी ही समाजाची सामायिक ठेव आहे. २०११ मध्ये गावोगावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश देताना, सरकारी आदेशाने भूमिहीनांना दिलेल्या पट्ट्यांसारख्या अपवादांना न्यायालयाने वाव ठेवला. पाणी सर्वांचे आहे हेही खरे आणि उपजीविका हिरावून घेता येत नाही हेही खरे. ही दोन सत्ये एकाच काठावर समोरासमोर आली म्हणजे शासनाची खरी कसोटी लागते.

रायपूरच्या तेलीबांध्यावर ही कसोटी लागली. ग्रेट ईस्टर्न रोडच्या कडेला असलेल्या या तळ्याभोवती दाट झोपडवस्ती झाली होती आणि पाणी गढूळले होते. ३ डिसेंबर २००५ रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण योजनेत रायपूरचा समावेश होता. त्या योजनेच्या गरिबांसाठी असलेल्या भागातून तळ्याच्या शेजारीच बहुमजली इमारती बांधून शेकडो कुटुंबांना घरे देण्यात आली आणि काठ मोकळा झाला. योजनेच्या नियमाप्रमाणे अशा घराचे क्षेत्र किमान २५ चौरस मीटर असावयाचे, आणि लाभार्थ्याने किमतीचा निदान १२ टक्के, मागास व दुर्बल वर्गीयांनी १० टक्के भार उचलावयाचा. आज तेलीबांध्याला लोक हौसेने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. संध्याकाळी तेथे फिरणाऱ्यांची गर्दी असते, आणि २०१६ साली काठावर ८२ मीटर उंच स्तंभावर राष्ट्रध्वज उभारला गेला.

या प्रयोगाचे मर्म ‘शेजारीच’ या एका शब्दात आहे. मोलकरणीची चार घरे सुटली नाहीत, मुलांची शाळा सुटली नाही, गाडीवाल्याचे गिऱ्हाईक सुटले नाही. तळे वाचवण्यासाठी काठ मोकळा करणे अपरिहार्य असेल, तर माणूस पाण्यापासून काही पावले मागे सरावा. शहराच्या वेशीबाहेर फेकला जाऊ नये.

कारण स्वस्त घराचा हिशेब बहुधा अपुरा मांडला जातो. सरकारी कागदावर घराची किंमत म्हणजे विटा, सिमेंट आणि जमीन. शहराबाहेर जमीन स्वस्त, म्हणून तेथे बांधलेले घर स्वस्त, असे गणित सुटते. परंतु त्या घरात राहणाऱ्याच्या वहीत आणखी रकमा असतात: कामावर जाण्यायेण्याचे भाडे, वाटेत गेलेले दोन तास, त्या दोन तासांमुळे सुटलेले एक काम, आजारी मुलाला दवाखान्यात नेण्याचा खर्च. हे सर्व मिळवले की स्वस्त घर महाग ठरते. देशातील अनेक शहरांत दूरवर बांधलेली अशी घरे रिकामी राहिली किंवा मूळ मालक ती भाड्याने देऊन पुन्हा जुन्या झोपडीजवळ परतले. लोक त्यांना कृतघ्न म्हणतात. वस्तुतः ते आपली वही नीट वाचणारे असतात.

२५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेला छत्तीसगडात मातीचा वास असलेली नावे मिळाली: ‘मोर जमीन मोर मकान’ आणि ‘मोर मकान मोर आस’. ‘मोर’ म्हणजे माझे. पहिल्या नावातच तिची अट आहे. ज्याची जमीन त्याला घर बांधण्यास साहाय्य. तळ्याच्या काठी राहणाऱ्याची जमीन ‘मोर’ नसते, म्हणून ती वाट त्याला बंद. त्याला दुसऱ्या वाटेने, म्हणजे बांधलेल्या इमारतीतील घराकडे जावे लागते. ती इमारत कोठे उभी राहते, यावर त्याचे पुढील आयुष्य ठरते. म्हणूनच २००५ च्या योजनेने राज्यांपुढे एक सुधारणा ठेवली होती: प्रत्येक गृहप्रकल्पात विकसित जमिनीचा २० ते २५ टक्के भाग दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी राखावा. ही तरतूद मनापासून पाळली गेली तर शहराच्या पोटातच गरिबाला जागा मिळते. ती कागदावर राहिली तर शहर आपल्या कामकऱ्यांना दररोज सकाळी बोलावते आणि रात्री हाकलते.

याच संदर्भात पॅट्रिक गेडिस यांची आठवण होते. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झालेले हे स्कॉटिश गृहस्थ त्याआधी काही वर्षे हिंदुस्थानातील शहरे पायी हिंडून पाहत होते. जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी जेथे अडले आहे तेवढेच मोकळे करावे, असे ते सांगत. डासांच्या भीतीने तळी बुजवण्यास त्यांचा विरोध होता. तळे स्वच्छ ठेवा, त्यात मासे आणि बदके सोडा, असा त्यांचा साधा सल्ला होता. आज शंभर वर्षांनंतरही नगररचनेला त्याहून शहाणा मार्ग फारसा सापडलेला नाही.

तथापि तेलीबांध्याची गोष्ट घरे दिल्याने संपत नाही. काठ सुंदर झाला की भोवतालच्या जागेचा भाव चढतो. पूर्वी ज्या घराला कोणी विचारीत नव्हते, त्या घराच्या दारात दलाल उभा राहतो. मुलीचे लग्न, दुखणे, सावकाराचे देणे, यांपैकी एखादे निमित्त घडते, आणि जेथे चुकीच्या कागदावर, तोंडी सौद्यावर घर हातचे जाते, तेथे कुटुंब पुन्हा कोठल्यातरी नव्या ओढ्याच्या कडेला छप्पर घालते. ज्या पुनर्वसनाने त्याला काठावरून उठवले, त्याच्याच यशाने त्याला दुसऱ्यांदा उठवावे, हा केवढा विपर्यास!

यावर उपाय पहाऱ्याचा नाही, संघटनेचा आहे. आणि येथे वामनराव लाखे यांचे स्मरण उपयोगी पडते. त्यांनी शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी सहकाराचा मार्ग दाखवला. बहुमजली इमारतीतील गरीब रहिवाशांना तोच मार्ग हवा आहे. रहिवाशांची सहकारी संस्था असली म्हणजे जिना, टाकी, पंप, गटार यांची देखभाल होते. अडचणीच्या वेळी थोडे कर्ज मिळते. घर विकण्याची पाळीच आली तर ते प्रथम संस्थेने घ्यावे आणि दुसऱ्या गरजूस द्यावे, असा नियम करता येतो. मासेमारी, नौका, काठावरील खाद्यपदार्थांच्या गाड्या, बागेची निगा, यांतून मिळणाऱ्या कामावरही प्रथम हक्क याच कुटुंबांचा असावा. पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ साली झाला आहे. काठाच्या नव्या शोभेत गाडीवाल्याची जागा आखून देणे हे उपकाराचे काम राहिलेले नाही.

तळ्याची राखण करणारा सर्वांत विश्वासू माणूस तोच असतो ज्याची खिडकी तळ्याकडे उघडते. फिरायला येणारा घाण पाहून नाक दाबतो आणि दुसऱ्या बागेत जातो. शेजारी राहणाऱ्याला तसे जाता येत नाही. म्हणून काठावरच्या जुन्या वस्तीला पाण्याचा शत्रू न मानता तिला पाण्याचा राखणदार करणे, यात तळ्याचेही हित आहे.

नगराची शोभा कशात मोजावी, याविषयी मतभेद असू शकतील. परंतु एक माप सोपे आहे. एखादे तळे सुशोभित झाल्यावर दहा वर्षांनी तेथे जावे आणि पूर्वी त्या काठी राहणारी कुटुंबे आज कोठे आहेत, याची चौकशी करावी. ती जवळच, आपल्या नावाच्या घरात सापडली तर ते नगर सुधारले असे म्हणावे. ती सापडली नाहीत तर एवढेच म्हणता येईल की तेथे दिवे चांगले लागले आहेत.