सम्राट यंत्र आणि जुळ्या बहिणी
जयपूरच्या जंतरमंतरमधले सम्राट यंत्र सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतची वेळ दाखवते. अठराव्या शतकातल्या दगडी बांधकामाचे हे खरोखर मोठे यश. पण ती वेळ जयपूरची, साऱ्या विश्वाची नव्हे. समजा, जुळ्या बहिणींपैकी एक इथेच राहिली आणि दुसरी प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने चार प्रकाशवर्षे दूर जाऊन परतली. जयपूरमध्ये १० वर्षे सरतील, तिची मात्र सहाच.

यावर आक्षेप रास्त आहे: गती सापेक्ष असेल, तर प्रवासी बहिणीच्या दृष्टीने घरचीच धावते आहे, मग तीच तरुण का राहू नये? कारण वळण एकीनेच घेतले आणि ते तिला जाणवलेही. मात्र वय त्या वळणाच्या धक्क्याने घटत नाही. अजमेरला वळसा घालून गेल्यास किलोमीटर वाढतात ते सगळ्या वाटेमुळे, एका कोपऱ्यामुळे नव्हे. अवकाश-काळात हिशेब उलटा, तिथे वाकडी वाट घड्याळाला कमी भरते. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी अणुघड्याळे विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडची सुमारे २७३ पुढे गेली. उंचीवरच्या क्षीण गुरुत्वाचा वाटा धरून सिद्धांताशी मेळ बसला.