सुटकेसमधली फाइल

(मिठबाव येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मला बोलावणाऱ्यांनी विषय दिला होता ‘आयटीतलं करिअर’. तो मी बदलून घेतला. कोडिंग कुठून शिकायचं हे यूट्यूब माझ्यापेक्षा बरं सांगेल. मला आज तुरुंगातल्या आजारी माणसाबद्दल बोलायचंय.

माझ्या खालाचा मुलगा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. याच किनाऱ्यावर आम्ही दोघं रापण ओढायला हात लावायचो, मूठभर मासळी मिळायची. पुढे तो मुंबईला नोकरीला लागला आणि चोविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. खाला म्हणाली बाहेरचं लागलंय, खालू म्हणाले कामाचा ताण. दर्ग्यावर नेलं, डॉक्टरकडेही नेलं. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया लिहिलं, गोळ्या सुरू केल्या, आणि सात-आठ महिन्यांत पोरगा बराच सावरला. मग बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद. पुढच्या वर्षी त्याने शेजाऱ्याच्या डोक्यात लोखंडी बादली घातली. शेजारी वाचला. हा चौदा महिने कच्चा कैदी म्हणून आत राहिला.

आता माझा भाग सांगतो. त्याच्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती. भाऊ भांडणात आत गेला, हे मुलाकडच्यांना चालत होतं. भाऊ वेडा आहे, हे चाललं नसतं. म्हणून घरच्यांनी दवाखान्याची फाइल माझ्याकडे दिली, पुण्याला ने म्हणाले. मी ती सुटकेसमध्ये स्वेटरांखाली ठेवली. वकिलाला सांगितलं नाही. तुरुंगातल्या डॉक्टरला भेटायला कोणी मला अडवलं नव्हतं, पण मीही गेलो नाही. मुलाखतीला गेलो की तो काचेपलीकडे दर वेळी आधीपेक्षा कमी बोलायचा. मी घरी येऊन सांगायचो, ठीक आहे.

(ते लग्न नंतर मोडलं. हुंड्यावरून.)

त्या काळात मला कायद्यातलं काही माहीत नव्हतं. आजारी आरोपीबद्दल कायदा दोन वेगळे प्रश्न विचारतो. पहिला, गुन्हा घडला त्या क्षणी आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का? तो आज भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे, पूर्वी दंड संहितेच्या ८४ मध्ये होता. दुसरा, आज कोर्टात काय चाललंय हे त्याला समजतंय का, स्वतःचा बचाव तो करू शकतो का? समजत नसेल तर खटला थांबवून आधी तपासणी आणि उपचार. हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ पासून पुढे आहे. दोन्ही प्रश्न कोर्टापुढे कुणीतरी मांडावे लागतात, आणि मांडायला कागद लागतात. आमचे कागद माझ्या सुटकेसमध्ये होते.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आणखी पुढे जातो. कलम १०३ म्हणतं, प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र हवं. आपलं राज्य केवढं, आणि किमान अट एका तुरुंगाची. सिंधुदुर्गाला सर्वांत जवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीचं, हेही लक्षात घ्या. त्याच कलमात आहे की तुरुंगाच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी अहवाल द्यायचा की इथे एकही मानसिक रुग्ण कैदी नाही. आमच्याकडे कुणी एकच पर्याय असलेला फॉर्म बनवला तर टेस्टर तो परत पाठवतो.

शीला बर्से हे नाव तुमच्यातल्या फार जणांनी ऐकलं नसेल. मुंबईच्या पत्रकार. १९८२ मध्ये त्यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांशी बोलून लॉकअपमधल्या मारहाणीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. कुठलाही गुन्हा न केलेल्या मानसिक रुग्णांना तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य आहे, हा १९९३ चा निकालही त्यांच्याच याचिकेवरचा. तो पश्चिम बंगालच्या तुरुंगांबद्दल होता. म्हणजे त्याआधी केवळ आजारी आहे म्हणून माणसं तुरुंगात डांबली जात होती.

आणि २०१९ चा आपल्याच राज्यातला खटला. १९९९ मधला गुन्हा, दोन लहान मुलींवर बलात्कार आणि त्यांचा खून. गुन्हा भयंकरच होता. फाशी झालेल्या त्या माणसाला शिक्षेनंतर गंभीर मानसिक आजार जडला. सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द करून मरेपर्यंत कैद दिली आणि सरकारला त्याच्यावर उपचार करायला सांगितलं. निकालात त्याचं नाव नाही, फक्त ‘आरोपी एक्स’ आहे, कारण आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्यालाही आहे. असा निकाल वाचताना पोटात ढवळतं, त्या मुलींच्या आईबापांचा विचार येतो. तरीही मला तो बरोबर वाटतो.

फाशीच्या कैद्यांवरच्या ‘प्रोजेक्ट ३९ए’च्या २०२१ च्या अहवालात, ज्या ८८ कैद्यांशी बोलणं झालं त्यांच्यापैकी ६२ टक्क्यांहून अधिक जणांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण साडेअकरा टक्के होतो. तुरुंगात आपला वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे. राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने याचा अभ्यासही केला. म्हणजे हा प्रश्न आपल्या मोहल्ल्याबाहेरचा नाही. पोलिसांच्या पूर्वग्रहावर आपण बोलतो, बोललंच पाहिजे. पण माझी फाइल कुठल्या पोलिसाने लपवली नव्हती.

अकराव्या महिन्यात त्याने जेवण सोडलं. तेव्हा मी फाइल घेऊन वकिलाकडे गेलो. वकील पहिल्यांदा माझ्यावरच चिडले. अर्ज, तपासणीचा आदेश, मनोरुग्णालय, गोळ्या, मग जामीन, या सगळ्याला तीन महिने लागले. पहिल्या आठवड्यात गेलो असतो तर किती लागले असते, हा हिशोब मी अजून करतो. आज तो गावातच आहे, आंब्याच्या पेट्या भरायच्या कामाला जातो. हे बोलू का, असं मी त्याला विचारलं होतं. नाव घेऊ नको, बाकी सांग, म्हणाला.

कुणाचं माणूस आत असेल तर प्रिस्क्रिप्शनच्या तीन प्रती काढा. एक वकिलाला, एक तुरुंग अधीक्षकाच्या नावे अर्जासोबत, आणि त्याची शिक्का मारलेली पोच घ्या. तिसरी घरी ठेवा. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, १५१०० वर विचारा. घरात कुणाला त्रास असेल तर टेलि-मानस, १४४१६, फुकट आहे. अर्जाचा नमुना माझ्या मोबाइलवर आहे. मी अर्धा तास इथेच थांबतोय. ज्यांना सगळ्यांसमोर मागायचा नसेल त्यांनी रात्री फोन करा.