कोण कशाने गेले?

१८९५ सालची गोष्ट. अमेरिकेत मिशिगन राज्यात ॲन आर्बर हे विद्यापीठाचे गाव आहे. तेथील डॉक्टर वॉर्थिन यांना शिवणकाम करणारी एक बाई म्हणाली, की आमच्या घरची माणसे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात. मीही तशीच जाणार. पुढे ती खरेच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. डॉक्टरांनी मात्र तिचे बोलणे हसण्यावारी नेले नाही. त्यांनी त्या घराण्याची वंशावळ लिहून काढली व १९१३ साली प्रसिद्ध केली. पुढे नेब्रास्काच्या डॉक्टर हेन्री लिंच यांनी अशी आणखी घराणी शोधली. या दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात.

हा शाप नव्हे, की करणी नव्हे. पेशींची वाढ होताना चुका होतात. त्या दुरुस्त करणारी जनुके शरीरात असतात. त्यांतले एखादे जन्मतःच बिघडलेले असले, की चुका साचत जातात. हा दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. प्रत्येक मुलात, मग तो मुलगा असो की मुलगी, तो उतरण्याचा संभव निम्मा.

मग असे घर ओळखावे कसे? १९९१ साली तज्ज्ञांनी एक सोपा आडाखा बांधला: तीन, दोन, एक. जवळच्या नात्यातल्या तिघांना मोठ्या आतड्याचा कर्करोग, सलग दोन पिढ्यांत, आणि त्यांतल्या एकाला तरी पन्नाशीच्या आत. गर्भाशयाचा कर्करोगही आता यात धरतात. तिघे नसले, पण एकालाच तरुण वयात झाला, तरी डॉक्टरांना विचारावे. आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत असे तिघेच सापडतात. पण त्या तिघांमागे अख्खे घर असते.

आपल्याकडे शौचातून रक्त पडले, की मूळव्याध म्हणून सोडून देतात. मुलीचे स्थळ मोडेल म्हणून आजाराचे नावही काढत नाहीत. ही गप्प बसण्याची रीतच घात करते. आधी रुग्णाचे रक्त तपासतात. दोष सापडला, की नातलगांचे. ज्यांच्यात तो नाही, ते मोकळे. ज्यांच्यात आहे, त्यांनी डॉक्टर सांगतील त्या वयापासून दर एकदोन वर्षांनी दुर्बिणीने आतडे तपासून घ्यावे. गाठ कोवळी असतानाच काढली, तर कर्करोग टळतो.

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत आपल्या पणजोबांचे नाव सापडेल. ते कशाने गेले, हे मात्र घरच्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक. तेव्हा आजच कागद घ्या. माहेर, सासर, आजोळ, तिन्ही लिहा: कोण, कितव्या वर्षी, कशाने. गुरुजींनो, ज्यांना लिहिता येत नाही त्यांना एवढे लिहून द्या, आणि ते आपल्यापाशीच ठेवा. तो कागद डॉक्टरांना दाखवायचा, गावाला नव्हे.