मनीप्लँट आणि पायगुण



आपल्या नाशिक रोडला 1928 पासून चलनी नोटा छापल्या जात आहेत. तेव्हा पैसा वेलाला लागत नाही, हे निदान या गावात तरी सांगावे लागू नये! तरीही खिडकीतल्या बाटलीत मनीप्लँट हवाच; आणि तो चोरून आणलेला असला तर अधिकच लाभतो म्हणे. येथवर गंमत आहे. परंतु एका परिचितांकडे वेल पिवळा पडला, तेव्हा नव्या सुनेच्या पायगुणाची कुजबूज मी माझ्या कानांनी ऐकली. मग मात्र मला राहवेना. मी कुंडी उपडी केली. मुळे काळी पडून कुजलेली! दोन्ही वेळा तांब्याभर पाणी, आणि कुंडीच्या बुडाला भोक नाही. पायगुण असलाच तर तो त्या तांब्याचा.

हा वेल मूळचा पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटाचा. रानात तो पेरापेराशी फुटलेल्या मुळांनी झाडाची साल धरून वर चढतो आणि चढता चढता त्याचे पान सुपाएवढे होते, कडेने फाटते. आपल्या बाटलीत लोंबणारा वेल म्हणजे जन्मभर बाल्यातच राहिलेला वेल होय. काठीला काथ्या गुंडाळून तो ओला ठेवा, वेल त्यावर चढवा. पान मोठे होऊ लागेल.

याला फूल सहसा येत नाही. फुलोऱ्याला लागणारे जिबरेलिन हे द्रव्य त्याला पुरेसे बनवता येत नाही, असे 2016 साली संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून आपल्याकडचा वेल हा कोणाच्या तरी वेलाचा तुकडाच असतो. तो घेताना पेर मात्र हवेच. नुसत्या पानाला कोंब येत नाही.

वैशाखाचे ऊन पानावर थेट नको, पण अंधारही नको. अंधारात पानावरचे सोनेरी पट्टे फिके पडतात. वरची दोन बोटे माती सुकली की मगच पाणी. आणि हे पान मुलांनी चघळता कामा नये; त्यातील सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांनी तोंडाची आग होते.

त्या घरच्या वेलाची तीन पेरे अजून हिरवी होती. ती कापून पाण्यात ठेवली. काही दिवसांनी पांढरी मुळे दिसू लागली, तेव्हा भोक पाडलेल्या कुंडीत ती सूनबाईंनीच लावली.