परसातील कोंबडी, गृहिणीचा आधार


परसातील कोंबड्यांचे उत्पन्न बहुधा गृहिणीच्या हाती राहते. अडीअडचणीला तोच तिचा आधार. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५०-६० अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया या सुधारित जाती त्याहून कितीतरी अधिक देतात. मात्र त्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणून उबवणीसाठी एखादी गावठी कोंबडी अवश्य राखावी.

पिल्ले वाटली म्हणजे योजना पार पडली, असे नव्हे. पहिले काही आठवडे ऊब व समतोल खाद्य हवे. पहिल्या आठवड्यातच मानमोडीची लस आणि पुढे वेळापत्रकाप्रमाणे पुन्हा. एरवी एकाच साथीत खुराडे रिते होते व गृहिणीचा विश्वासही उडतो. लसीकरणाचा दिवस पंचायतीच्या फलकावर झळकावा, एवढीच विनंती.